अर्धा किलो चुना

मी रत्नागिरीला आले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. माहेर मिरजेच्या बाजूचं, काळ्या मातीतलं. इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायची नोकरी लागली. शहरात मनासारखी खोली मिळेना, म्हणून पूर्णगडच्या रस्त्यावरच्या एका गावात राहायला गेले. घर एका काकूंचं होतं. त्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, यजमान वारलेले, दोन्ही मुलगे पुण्याला. घरामागे उतारावर त्यांचं आगर होतं. सुपारीच्या दोनेकशे पोफळी, अधूनमधून नारळ, विहिरीशेजारी तीन जायफळाची झाडं. पडवीलगतची खोली मला दिली होती. खिडकी उघडली की पोफळींचे सरळसोट बुंधे दिसायचे. आमच्याकडे उसाचा फड जसा डोळ्यांपुढे भिंतीसारखा उभा राहतो तसं हे नव्हतं. इथे झाडांच्या मधून लांबपर्यंत नजर जायची.

आगराचं सगळं एका माणसाच्या अंगावर होतं. पन्नाशी ओलांडलेला, काटक, बोलायला कमी. गाव त्याचं आतल्या बाजूला, कातळाच्या सड्यावर. तो रोज सकाळी सायकलने यायचा, पोफळीवर चढायचा, शिपणं म्हणजे झाडांचं पाणी बघायचा आणि दुपारी पडवीत जेवून थोडा लवंडायचा. काकूंना तो ‘वैनी’ म्हणे. मी त्याला पहिल्याच दिवशी ‘मामा’ म्हणाले, कारण आमच्याकडे वडीलधाऱ्या परक्या माणसाला तसंच म्हणतात. त्याला गंमत वाटली असावी. पण त्याने ते चालवून घेतलं, आणि मला तो ‘बाई’ म्हणायला लागला.

तेव्हा मला माझ्या विषयाचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर अभिमानापेक्षा जरा जास्तच काहीतरी होतं. अकरावीच्या पहिल्या धड्यात द्रव्य, मिश्रण, शुद्ध पदार्थ, मापन, मोल असं सगळं येतं. बरेच शिक्षक तो धडा घाईने उरकतात. मी मात्र त्यावर तीन आठवडे घ्यायचे. वर्गात एक खडू फिरवायचे आणि त्याचं वजन किती असेल ते प्रत्येकाकडून लिहून घ्यायचे. कुणी पन्नास ग्रॅम लिहायचं, कुणी दोन. मग प्रयोगशाळेतला काटा आणून सगळ्यांसमोर खडू ठेवायचे. आकडा दिसला की वर्गात एक हसू पसरायचं. मग मी म्हणायचे, अंदाज माणसाचा असतो, काटा कुणाचा नसतो. हे वाक्य मला फार आवडायचं.

तिथल्या माझ्या दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात सुट्टी असूनही मी माहेरी उशिरा जायचं ठरवलं होतं, कारण उत्तरपत्रिका तपासायच्या राहिल्या होत्या. आगरात फवारणीची तयारी चालू होती. पोफळीला पावसाळ्यात एक बुरशी लागते, कोवळी फळं कुजून गळतात. म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आत घोसांवर बोर्डो मिश्रण मारतात. मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचूद एका पिंपात विरघळवायचा, चुना दुसऱ्या पिंपात भिजवायचा आणि दोन्ही तिसऱ्या पिंपात एकत्र करायचे. दोघांचं वजन सारखं, शंभर लिटर पाण्याला एकेक किलो. मला यात नवल वाटायचं नाही. मोरचूद म्हणजे माझ्या प्रयोगशाळेतल्या बाटलीतलं कॉपर सल्फेट.

आदल्या वर्षी मी ही फवारणी पडवीतून पाहिली होती. पंप खाली ठेवलेला असतो. मामा नळी कमरेला अडकवून वर चढायचा आणि शेंड्याखाली एका हाताने बुंधा धरून दुसऱ्या हाताने फवारा मारायचा. पण दर पाच-सहा झाडांमागे नळीचं तोंड तुंबायचं. चुन्यातले खडे त्यात अडकायचे. मग त्याला चाळीस फूट खाली उतरायचं, तोंड काढून तारेने साफ करायचं आणि पुन्हा चढायचं. संध्याकाळी त्याच्या पायांना कापरं भरलेलं मी पाहिलं होतं. ते माझ्या मनात राहिलं होतं, एवढं मी माझ्या बाजूने सांगू शकते. पुढे जे झालं त्याची सुरुवात वाईट हेतूने झाली नव्हती.

फवारणीच्या आदल्या संध्याकाळी उत्तरपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर मी समीकरण लिहिलं. मोरचूद आणि चुना यांची अभिक्रिया, दोघांचे रेणुभार, मोल काढले. हिशेब सरळ होता. एक किलो मोरचुदाला पाव किलोहूनही थोडा कमी चुना पुरतो. म्हणजे लोक चौपटीने जास्त चुना घालत होते, आणि तोच जादा चुना नळीत अडकत होता. मला इतका आनंद झाला की मी तसंच ते पान घेऊन स्वयंपाकघरात गेले. काकू भाजी चिरत होत्या. मी त्यांना समजावून सांगितलं की अर्धा किलो चुना घेतला तरी गरजेच्या दुप्पट होईल, नळी तुंबणार नाही आणि मामाचे हेलपाटे वाचतील. काकूंनी चष्मा लावून पान बघितलं. त्यांना त्यातलं फारसं कळलं नसणार, पण शिकलेल्या माणसावर त्यांचा विश्वास होता.

सकाळी मी मामाला तेच सांगितलं. तो पिंपं धूत होता. मोरचूद नवा आणलेला होता; चुना मागल्या वर्षीचा, गोठ्याच्या कोपऱ्यातल्या पोत्यात उरलेला. त्याने मूठभर चुना काढला, बोटांत चुरडला आणि म्हणाला, “चुना मेलाय, बाई. ह्यो जास्तच घालूक लागंल, कमी नाय.”

मी हसले. चुना मरतो कसा, असं मी त्याला विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता काटा आणला. घरात काकूंचा जिन्नस मोजायचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा होता. त्यावर मी अर्धा किलो चुना तोलून दिला, ग्रॅमसुद्धा इकडेतिकडे नाही. मिश्रण झाल्यावर मामाने कमरेच्या आकडीतली कोयती काढली. ती मिश्रणात बुडवून बघायची त्याची रीत होती. लोखंडावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असं समजायचं. ही कसोटी मला ठाऊक होती, अगदी सातवी-आठवीच्या पुस्तकातलीच, तांब्याची जागा लोखंड घेतं ती. पण त्या क्षणी मला ती माझ्यावरचा अविश्वास वाटली. मी म्हणाले, की हिशेब दोनदा तपासलाय, त्याची गरज नाही. पायरीवर उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, “असू दे रे. बाईंचं ते शिक्षणच आहे. त्या सांगतात तसं कर.”

मामाने कोयती परत आकडीत अडकवली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नळी कमरेला बांधली आणि वर चढला.

नळी खरंच तुंबली नाही. मी पायरीवर बसून उत्तरपत्रिका तपासत होते आणि मधूनमधून वर बघत होते. एक झाड, दुसरं, दहावं. तो खाली उतरतच नव्हता. एका पोफळीवरून हात लांबवून दुसरी ओढायचा आणि तिच्यावर जायचा. मनातल्या मनात मी माझी पाठ थोपटत होते. साडेअकराच्या सुमारास साठेक झाडं झाली तेव्हा तो उतरला. विहिरीवर गेला आणि तोंड धुऊ लागला. बराच वेळ धूत राहिला. मी जवळ गेले तर डावा डोळा लाल झालेला आणि मिटलेला. मनगटांवर, जिथे फवाऱ्याचे थेंब ओघळून आले होते, तिथे लाल चट्टे. मी विचारलं तर म्हणाला, थोडं चुरचुरतं, दरवर्षी पडतं अंगावर, पण दरवर्षी पांढरं सुकून राहतं, आज चावतं.

‘चावतं’ हा शब्द ऐकल्यावर मला समजलं. मी त्याच्या कमरेची कोयती मागितली आणि पिंपात उरलेल्या मिश्रणात धरली. मिनिटभरात पातं तांबडं झालं. पुसट नव्हे, तांब्याच्या नव्या भांड्यासारखं. मिश्रणात मोकळा मोरचूद होता, भरपूर, आणि तो आम्लधर्मी असतो. ते सगळं मी त्या माणसाच्या अंगावर आणि साठ झाडांवर ओतलं होतं.

पुढचा अर्धा तास मी त्याला विहिरीशी बसवून डोळ्यात पाणी घालत राहिले. काकूंनी स्वच्छ फडकी आणली, गडबड न करता बादल्या भरून दिल्या. मग मी त्याला स्कूटरवर मागे बसवून रत्नागिरीला नेलं. पावस गाव मागे पडल्यावर वाटेत तो एकदाच बोलला, सावकाश चालवा म्हणाला.

डोळ्यांच्या डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. डोळ्यात काय गेलं ते त्यांनी विचारलं. मी कॉपर सल्फेट आणि चुना सांगितलं. प्रमाण विचारलं. मी ते सांगितलं. त्यांनी भुवया वर केल्या आणि विचारलं, हे कुणी ठरवलं? मी म्हणाले, मी. मामा खुर्चीत बसला होता, त्याने हे ऐकलं. डॉक्टरांनी खालची पापणी ओढून एक कागदाची पट्टी टेकवली. आमच्या प्रयोगशाळेत असते तीच पट्टी, रंगावरून आम्ल की आम्लारी ते सांगणारी. मुलांना मी ती लिंबाच्या रसात आणि साबणाच्या पाण्यात बुडवायला लावते. त्या दिवशी एका माणसाच्या आसवांत तिचा रंग बदलताना बघितला, आणि पट्ट्यांच्या पेटीवरच्या रंगांशी ताडून बघायची मला हिंमत झाली नाही. डॉक्टरांनी सलाइनने डोळा धुतला. परत पट्टी लावली, परत धुतला. तीन वेळा. शेवटी म्हणाल्या की वरचा पडदा थोडा खरवडला गेलाय, पण बरा होईल. तुम्ही लगेच पाणी मारलंत ते बरं केलंत. थेंब दिले, पट्टी बांधली, चार दिवसांनी बोलावलं.

औषधं येईपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. माझं चुकलं असं म्हणाले तर तो नुसती मान हलवायचा. मग त्याने आपण होऊन सांगायला सुरुवात केली. तो तरुणपणी मुंबईला होता हे मला माहीत होतं. इथल्या निम्म्या घरांतला कुणी ना कुणी तिथे असतोच. पण काय करत होता ते मी दोन वर्षांत विचारलं नव्हतं. तो एका कापड गिरणीच्या रंगखात्यात होता. नऊ वर्षं. रंगाच्या भुकट्या काट्यावर तोलून द्यायचं त्याचं काम होतं. गिरणी बंद पडली आणि तो गावी परतला.

नऊ वर्षं हा माणूस काट्यापुढे बसला होता, आणि मी त्याला काटा म्हणजे काय ते दाखवत होते.

तो म्हणाला की तिथे एक जुना कामगार होता, त्याने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, डबा उघडला की झाकणावर तारीख लिही. हवा खाल्लेला रंग वजनाला तेवढाच भरतो, पण कापडावर फिका चढतो. “काटा वजन सांगतो, बाई. डबा कवापासून उघडा हाय, ता काटा नाय सांगत.”

मग मला चुना कसा मरतो ते कळलं, म्हणजे मला ते आधीपासून येत होतंच, फक्त मी ते त्या पोत्याला लावून बघितलं नव्हतं. भाजलेला ताजा चुना हवेतलं पाणी ओढतो, मग हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढतो, आणि हळूहळू त्याचा पुन्हा दगड होतो, खडूसारखा. वजन कमी होत नाही, उलट वाढतं. समुद्रकाठच्या दमट हवेत एक पावसाळा तोंड उघडं राहिलेल्या पोत्यात चुना जेमतेम उरला होता. बाकीचं सगळं खडूचं पीठ होतं. माझ्या अर्ध्या किलोत किती खरा चुना होता, देव जाणे. माझं समीकरण बरोबर होतं. समीकरणात लिहिलेला पदार्थ त्या पोत्यात नव्हता. शुद्ध पदार्थ आणि मिश्रण यांतला फरक मी तीन आठवडे शिकवते.

औषधांची पिशवी हातात आल्यावरही तो उठला नाही. पिशवी मांडीवर ठेवत त्याने विचारलं, “मी कोयती बुडवलीच असती, आणि तुमाला दाखवली असती, तर तुमी ऐकलं असतंत?”

मला सहज हो म्हणता आलं असतं. मी जरा विचार केला. कोयतीवर आधीच गंज असेल, पातं जुनं असेल, मी काहीतरी कारण काढलं असतं. मी म्हणाले, “नाही, मामा. नसतं ऐकलं.”

“मग बरा,” तो म्हणाला. “मगासपासून मना वाटत होता, माझीच चूक झाली. मी बोलाया हवा होता.”

त्याच्या मनात हे चाललं असेल अशी मला कल्पनासुद्धा नव्हती. डोळ्याला पट्टी बांधलेला माणूस माझ्यासमोर स्वतःची चूक शोधत बसला होता. मी तिथे रडले. त्याने मला रडू दिलं, कुठेतरी दुसरीकडे बघत राहिला, आणि मग म्हणाला की उन्हं उतरायच्या आत घरी गेलेलं बरं, वैनी वाट बघत असतील.

त्या रात्री जेवताना मी काकूंना सगळं पुन्हा नीट सांगितलं, झाडांचं नुकसान होईल हेही. खोली सोडायची तयारीही बोलून दाखवली. काकूंनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की त्याला ‘त्या सांगतात तसं कर’ असं मी म्हटलं, तू नाहीस. वीस वर्षं तो माझं आगर सांभाळतो आणि मी त्याच्यापेक्षा एका कागदावर जास्त विश्वास ठेवला. त्यांचा आवाज शांत होता, पण पानातला भात तसाच राहिला. पान बाजूला सारत म्हणाल्या, “खोली कशाला सोडतेस ग? निघून जाशील तर त्याला वाटेल, त्याच्यामुळे गेलीस.”

दुसऱ्या दिवशी साधं पाणी भरून मी पंप चालवला आणि जमिनीवरून पोचतील तेवढी झाडं धुतली. पोचली ती पंधरा-वीस ठेंगणी. बाकीच्यांवर औषध केव्हाच सुकलं होतं. चार-पाच दिवसांत झावळ्यांवर करपल्यासारखे डाग उठले आणि सुपाऱ्यांची कोवळी बोंडं खाली पडू लागली. सकाळी आगरात गेलं की पायांखाली हिरवी बोंडं लागायची. काकू ती सूप घेऊन गोळा करत. मीही करू लागले. आम्ही दोघी वाकून बोंडं वेचत असू, आणि त्या मला शाळेतल्या गोष्टी सांगत, दुसरीच्या मुलांनी पायलीने वाळू मोजायचा खेळ कसा काढला होता वगैरे. मला त्या रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं असं तेव्हा वाटायचं. आता तसं वाटत नाही.

चौथ्या दिवशी डोळ्याची पट्टी निघाली. आठवड्याने मामा कामाला आला. नजर ठीक होती. वारा लागला की डोळ्यातून पाणी यायचं, ते पुढे पावसाळाभर येत राहिलं. उरलेली सव्वाशे-दीडशे झाडं फवारायची होती आणि पाऊस दारात होता. मी त्याला विचारलं, मी काय करू? त्याने मला चुना आणायला बरोबर नेलं. बाजारातल्या दुकानात त्याने तीन पोत्यांतले खडे बघितले, एकेक खडा उचलून एका टिनात टाकला आणि वर पाणी ओतलं. दोन पोत्यांतले खडे नुसते ओले झाले. तिसरा फसफसला, तडकला, टिनातून वाफ आली. “ह्यो जिता,” म्हणाला.

नळी तुंबायचा प्रश्न होताच. मी घाबरत घाबरत सुचवलं की चुना भिजवून, थंड झाल्यावर काकूंच्या जुन्या सुती साडीच्या दुहेरी कापडातून गाळला तर? चुना कमी करायचा नाही, फक्त खडे काढायचे. तो म्हणाला, करून बघू. मी सकाळी सहापासून गाळत बसले. हातांना चुना लागून कातडी कोरडी पडली, काकूंनी खोबरेल चोळलं. मिश्रण आभाळी निळं, दाट झालं. मामाने कोयती बुडवली, आम्ही तिघं बघत राहिलो, पातं होतं तसंच राहिलं. दिवसभरात नळी दोनदा तुंबली. दोनदा उतरावं लागलं, वीस-पंचवीस वेळा नाही. संध्याकाळी तो पडवीत बसून चहा प्यायला तेव्हा मी त्याच्या पायांकडे बघितलं. थरथरत होते, पण कमी.

साठ झाडांनी त्या वर्षी फार थोडं दिलं. पुढच्या वर्षी नव्या झावळ्या फुटल्या आणि डाग पडलेल्या खालच्या झावळ्या गळून गेल्या. मग कुठली साठ ते मलाही ओळखता येईना. मामाला येत असणार. त्याने कधी बोट दाखवलं नाही.

कॉलेज सुरू झाल्यावर मी पहिल्या धड्याच्या पहिल्या तासाला खडू फिरवला नाही. मुलांना झालेलं सांगितलं, माझं नाव न लपवता. शेवटी एकाने हे परीक्षेला येणार का असं विचारलं, आणि मी त्याला खरं ते सांगितलं, की येणार नाही. मग मी त्यांना घरी एक काम दिलं. तुमच्या घरात जे काही मापाने घालतात, औषध, खत, रंग, क्लोरीन, काहीही, ते ज्याने घालतात ते भांडं मोजून आणा. आणि डब्याचं तोंड कधी उघडलं तेही विचारून या. बऱ्याच जणांनी काहीच आणलं नाही. काहींनी चहाचा चमचा किती मिलिलिटरचा ते लिहून आणलं, आणि वर्गातल्या नऊ चमच्यांची नऊ मापं निघाली, त्यावर थोडी मजा झाली.

एक मुलगी मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन टोपणं घेऊन आली. तिच्या वडिलांची शंभरेक हापूसची कलमं होती, आणि मोहोरावरच्या कीटकनाशकाचं माप घरात ‘एक टोपण’ असं होतं. आजोबांपासून तेच. तिने इंजेक्शनच्या सुईशिवायच्या सिरिंजने मोजलं होतं. जुन्या बाटलीच्या टोपणात पाच मिलिलिटर मावत होतं. तीच कंपनी, तेच औषध, पण नव्या बाटलीचं टोपण मोठं होतं. त्यात जवळजवळ तेरा. तिने ते आकडे वहीत एका ओळीत लिहिले होते आणि खाली काहीच लिहिलं नव्हतं.

तू वडिलांना सांगितलंस का, मी विचारलं. सांगितलं, म्हणाली. ते काय म्हणाले? आधी म्हणाले, आम्ही इतकी वर्षं करतोय. मग जेवले. मग तिला परत बोलावलं आणि सिरिंज मागून घेतली.

तिला मी एक मोजपात्र घरी न्यायला देऊ केलं. नको म्हणाली, वडील टोपणच वापरतात, त्यांना झाडाखाली काचेचं काही चालत नाही. पण त्यांनी तापवलेल्या खिळ्याने नव्या टोपणाच्या आत एक रेघ ओढलीय. तिने पिशवीतून ते टोपण काढून माझ्या तळहातावर ठेवलं. रेघ वाकडीतिकडी होती आणि कड वितळून काळी झाली होती. आम्ही दोघींनी प्रयोगशाळेत त्यात रेघेपर्यंत पाणी भरलं आणि ते मोजपात्रात ओतलं. पाचाला जरासं कमी भरलं.